मैदानावरचं हृदय: खान्देशातल्या खेळाडूंचे आणि पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून काम करतो आणि पहाटे गावातल्या मुलांबरोबर ग्राउंडवर पळतो. पोलीस भरतीची जाहिरात आली, यात्रेतल्या कुस्त्या जवळ आल्या किंवा जिममध्ये कोसळलेल्या कोण्या तरुणाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला, की दवाखान्यात तेच तेच प्रश्न येतात. आई-वडील विचारतात, वस्ताद विचारतात, मुलं बाहेर थांबून हळूच विचारतात. त्या प्रश्नांना इथे एकदा सविस्तर उत्तरं देतो.

रोज पळणारा, धडधाकट माणूस खेळताना अचानक जातो कसा?

आपण सगळ्यालाच 'अटॅक आला' म्हणतो, पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केळीच्या बागेतलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. एखादी नळी चोक झाली की त्या ओळीतली झाडं सुकायला लागतात, मोटार मात्र चालूच असते. हा हार्ट अटॅक. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तेवढा भाग रक्तावाचून मरायला लागतो. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छाती धरून बसतो, घामाने भिजतो.

दुसरा प्रकार म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची एक फेज जाणं. मोटार नुसती घुमते, पाणी वर येत नाही. हृदयातली विजेची शिस्त बिघडते, खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि मेंदूला रक्त पोहोचत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. याला कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणतात. मैदानावर धाडकन कोसळणाऱ्या तरुणाच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. अटॅकमधूनही अरेस्ट होऊ शकतो, पण विशीतल्या मुलात कारण सहसा वेगळं असतं.

विशीतल्या मुलाच्या हृदयात असं काय असतं?

बहुतेक वेळा जन्मापासून किंवा वाडवडिलांकडून आलेला दोष. सर्वांत माहितीतला म्हणजे हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होणं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. सर्वसाधारण लोकसंख्येत हा साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर कळतही नाही. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फो २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या लियोंमध्ये उपांत्य सामना खेळताना मैदानाच्या मध्यभागी कोसळला आणि वाचला नाही. त्याच्या हृदयात हाच दोष निघाला.

काही जणांत हृदयाला रक्त देणारी धमनीच चुकीच्या जागेवरून निघालेली असते आणि जोरात पळताना ती दाबली जाते. काहींच्या हृदयाची रचना ठीक असते, फक्त विजेच्या वाटेत खोट असते: लाँग क्यूटी, ब्रुगाडा, डब्ल्यूपीडब्ल्यू ही त्यांची नावं. तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते तो मायोकार्डायटिस. आपल्याकडे आणखी एक कारण विसरून चालणार नाही. लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेले असतात, तो संधिवाताचा ताप हृदयाची झडप खराब करून जातो आणि पोरगं मोठं झाल्यावर पळताना दम लागतो. हा आजार नुसत्या स्टेथोस्कोपनेही पुष्कळदा पकडता येतो, फक्त शर्ट काढून नीट ऐकायला हवं.

पस्तिशीनंतर चित्र पालटतं. तिथे पहिला संशय धमनीतल्या चरबीच्या थरावरच घ्यायचा.

मग पोराला खेळूच द्यायचं नाही का?

द्यायचं, नक्की द्यायचं. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या अभ्यासांत असा मृत्यू वर्षाला साधारण ५० ते ८० हजार खेळाडूंत एक इतका दिसतो. व्यायाम सोडलेल्या माणसाला मधुमेह, रक्तदाब आणि अटॅक यांचा जो धोका असतो तो याहून कितीतरी मोठा आहे. मला मुलं घरी बसलेली नकोत. जे थोडे जण धोक्यात आहेत ते वेळेत सापडायला हवेत, एवढंच माझं मागणं आहे.

"डॉक्टरसाहेब, मना पोऱ्या पयताना चक्कर ईसन पडना." हे अशक्तपणाने होतं का?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

चक्कर नेमकी कधी आली ते आधी विचारा. सोळाशे मीटर संपवून पोरगं रेषेवर उभं राहिलं, मग डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसलं आणि पाय वर केल्यावर मिनिटभरात बरं वाटलं, तर हे बहुतेक वेळा साधं असतं. पळताना पायांच्या पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं. म्हणून शर्यत संपल्यावर दोन मिनिटं चालत राहायला सांगतात.

पण पळता पळताच, वेगात असताना, हात टेकायचीही संधी न मिळता तोंडावर पडलं असेल, तर तो अशक्तपणा नव्हे. ती उपाशीपोटी आलेली चक्कर नव्हे, नजर लागलेली तर नव्हेच. अशा मुलाला ग्लुकोज पाजून परत ट्रॅकवर पाठवू नका. ईसीजी, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि हृदयरोगतज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत पळणं बंद. सलाइन लावून 'ठणठणीत आहे' असं सांगून घरी पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. घरच्यांना तेवढ्यावर समाधान वाटतं, म्हणून सांगतो: सलाइनने या आजाराचं काहीही होत नाही.

आणखी कोणत्या खुणांकडे बघायचं?

बरोबरीच्या पोरांपेक्षा खूप लवकर दम लागणं. पळताना छातीत दाब किंवा कळ. अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड. फिट येते म्हणून गोळ्या चालू आहेत, पण फिट फक्त खेळताना, पोहताना किंवा दचकल्यावरच येते. अशा मुलाचा ईसीजी एकदा तरी काढलाच पाहिजे, कारण हृदयाची लय बिघडली तरी हातपाय झटकले जातात आणि ते फेफऱ्यासारखंच दिसतं.

घराण्याचा इतिहास मात्र डॉक्टरसमोर बसून आठवत नाही. तो घरी आजीला विचारून या. 'काका झोपेतच गेला', 'मामा शेतात जागच्या जागी गेला', 'आत्याचा मुलगा पट्टीचा पोहणारा, तरी विहिरीत बुडाला' अशा गोष्टी आपण नशिबावर टाकतो. पन्नाशीच्या आतला असा प्रत्येक मृत्यू मला महत्त्वाचा वाटतो.

ईसीजी नॉर्मल आला म्हणजे काळजी मिटली?

बरीचशी मिटली, पूर्ण नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना कायद्याने तपासणी आणि ईसीजी करावा लागतो. तिथल्या व्हेनेटो भागातल्या तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू १९७९-८० मध्ये लाखामागे वर्षाला ३.६ होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. इस्रायलमध्ये सक्तीनंतर असा फरक दिसला नाही आणि अमेरिकेतल्या हृदयसंस्था आजही सरसकट ईसीजीऐवजी सविस्तर प्रश्न आणि अंगतपासणीवर भर देतात. माझं मत असं, की आपल्याकडे ईसीजी स्वस्त आहे आणि तालुक्याला होतो. भरतीची तयारी सुरू करणाऱ्या प्रत्येकाने एकदा काढावा. मात्र तो खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरांनी पाहावा. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या हृदयाचे कप्पे मोठे होतात, भिंत थोडी जाड होते, ठोके संथ होतात. तो आजार नसतो. तो आजार समजून मुलाचं करिअर थांबवणं हाही अन्यायच.

चुकीच्या जागी उगवलेली धमनी ईसीजीवर सहसा दिसत नाही. धमनीतला ५०-६० टक्क्यांचा अडथळाही बसल्या जागी काढलेल्या ईसीजीवर दिसेलच असं नाही. म्हणून त्रास होत असेल तर कागद नॉर्मल असला तरी पुढची तपासणी करा.

आणि कृपा करून, न तपासता फिटनेस सर्टिफिकेटवर सही मागू नका. आम्हा डॉक्टरांनीही ती देऊ नये.

माझी नाडी सकाळी ४८ असते. हे वाईट का?

रोज पळत असाल, चक्कर येत नसेल आणि व्यायामात नाडी नीट वाढत असेल, तर नाही.

भरती दोन महिन्यांवर आहे. काय सांभाळू?

मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. वर्षभर काही न करता जाहिरात निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात जीव तोडून पळणं हा यातला सर्वांत वाईट मार्ग. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. तो २०२३ मध्ये आला. मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत अतिश्रमाचा व्यायाम, भरपूर दारू, नशेचे पदार्थ, तसंच घराण्यात अचानक मृत्यू आणि कोविडमुळे रुग्णालयात भरती होऊन गेलेलं असणं, या गोष्टी त्यात धोक्याच्या निघाल्या.

इंजेक्शनबद्दल स्पष्ट बोलतो. मेफेन्टरमाइन हे ऑपरेशनच्या टेबलावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. दम टिकतो म्हणून काही पोरं ते पळण्याआधी टोचून घेतात. ते रक्तदाब आणि ठोके दोन्ही चढवतं, वर जीव तोडून पळणं. निरोगी हृदयही त्याने भरकटू शकतं. कोणी देत असेल तर त्याला ओळखीचा म्हणून पाठीशी घालू नका. एनर्जी ड्रिंकचे दोन-तीन कॅन एकदम रिचवणं यापेक्षा कमी घातक, पण त्याच वाटेवरचं.

ताप असताना मात्र अजिबात पळायचं नाही, मग भरतीची मैदानी चाचणी उद्यावर का असेना. मायोकार्डायटिस झालाच तर जोराचा व्यायाम तीन ते सहा महिने बंद ठेवावा लागतो.

पैलवानांसाठी वेगळं काही?

दोन गोष्टी. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, जाड कपडे घालून घाम काढणं फार धोक्याचं. पाण्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षारही ढासळतात आणि हृदयाची लय त्यांच्यावरच चालते. वजन आठवड्या-आठवड्याने उतरवा, आदल्या रात्री नाही. दुसरं म्हणजे शरीर लवकर भरावं म्हणून घेतलेलं स्टेरॉइड. ते दंडाबरोबर हृदयाची भिंतही जाड करतं, रक्तातली चरबी बिघडवतं. तालमीतल्या वस्तादांचा शब्द पोरं माझ्यापेक्षा जास्त मानतात, म्हणून हे मी वस्तादांच्या कानावर घालत असतो.

उंच, सडपातळ, हातापायांची बोटं फारच लांब, चष्म्याचा नंबर मोठा, असं व्हॉलीबॉल किंवा कबड्डी खेळणारं मूल असेल तर मार्फान आजारासाठी इको करून महाधमनी तपासा. या आनुवंशिक आजारात महाधमनीची भिंत कमकुवत असते. अमेरिकेची ऑलिंपिक व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान बाकावर बसलेली असताना कोसळली. मार्फानमुळे तिची महाधमनी फाटली होती. तिचा आजार आधी कोणाच्या लक्षात आला नव्हता.

नंदुरबारकडच्या पोरांना सिकलसेलचा खेळात धोका असतो का?

हा प्रश्न मला पुरेसा विचारला जात नाही. सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. भिल्ल, पावरा समाजात तो बराच आढळतो. ज्याला आजार आहे त्याला सहसा माहीत असतं. वाहक, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच हा दोष आलेला मुलगा, मात्र एरवी पूर्ण निरोगी असतो, उत्तम पळतो, सातपुड्याचे घाट चढतो. पण कडक उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, न थांबता वेगाने पळवलं तर त्याच्या रक्तपेशी वाकड्या होऊन स्नायूंचं रक्त अडवू शकतात. तो धाडकन पडत नाही. पाय जड होतात, मांड्या भरून येतात, तो हळूहळू खाली बसतो आणि बोलत असतो. कोच 'नाटकं करतो' म्हणून उठवून पुन्हा पळवतो आणि तिथेच घात होतो. अशा मुलाला सावलीत झोपवा, पाणी द्या, ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात हलवा.

वाहकाला खेळायची बंदी नाही. आपण वाहक आहोत हे त्याला आणि त्याच्या कोचला माहीत असावं, मधे विश्रांती मिळावी, एवढंच. सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू झालं आहे.

मी ४६ वर्षांचा. मेहरूण तलावाला रोज चार फेऱ्या मारतो. मला तपासणीची काय गरज?

फेऱ्या चालू ठेवा. पण भारतीय उपखंडातल्या माणसाला अटॅक इतरांपेक्षा पाच ते दहा वर्षं लवकर गाठतो. २ जानेवारी २०२१ ला सौरव गांगुलीला घरी ट्रेडमिलवर असताना छातीत अस्वस्थ वाटलं आणि तपासणीत हृदयाच्या धमन्यांत अडथळे निघाले. तो तेव्हा ४८ वर्षांचा होता. वेळेत रुग्णालयात गेला, स्टेंट बसले.

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी बघा. मधुमेह, तंबाखू किंवा वडिलांना लवकर आलेला अटॅक असेल आणि तुम्ही हाफ मॅरेथॉनची तयारी करणार असाल, तर आधी स्ट्रेस टेस्टबद्दल, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढायच्या ईसीजीबद्दल, डॉक्टरांशी बोला. गालात तंबाखूची पुडी ठेवून पळणारे लोक मी रोज पाहतो. पळण्याने कमावलेलं त्या पुडीत जातं.

चढावर छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा येतो आणि थांबल्यावर जातो, हा गॅस नाही. काल रात्रीच्या शेवभाजीवर ढकलून मोकळे होऊ नका.

हे सगळं लसीमुळे वाढलं का?

वर सांगितलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात कोविड लसीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला.

मे महिन्यात पळताना कोसळला तर ऊन लागलं की हृदय?

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हा प्रश्न खरा असतो. आधी श्वास पाहा. श्वास नीट चालू आहे, अंग भट्टीसारखं तापलंय, माणूस बरळतोय, तर तो उष्माघात. जागेवरच थंड पाण्याने भिजवा, हौद असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा, अंग गार करत करत १०८ ची वाट पाहा. श्वासच नसेल तर पुढचं उत्तर वाचा. एप्रिल-मेमध्ये सराव सूर्य वर यायच्या आत संपवा.

कोणी मैदानात कोसळलं तर आम्ही नेमकं काय करायचं?

काही वर्षांपूर्वी टेनिस बॉलच्या मॅचमधून एका १९ वर्षांच्या मुलाला दोघा मित्रांनी मोटारसायकलवर मधे बसवून माझ्याकडे आणलं. मैदानापासून पंधरा मिनिटांची वाट. त्याच्या तोंडावर पाणी मारून झालं होतं, कांदा फोडून नाकाला लावला होता, चप्पल हुंगवली होती. छातीवर मात्र एकदाही कोणाचा हात पडला नव्हता. पोरांनी त्यांना माहीत होतं ते सगळं केलं होतं. ती माझ्या दारात उभी राहून रडत होती आणि मी आतून काहीही परत आणू शकलो नाही. अरेस्टनंतर छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. ती पंधरा मिनिटं माझ्या हातात नव्हती, मैदानावरच्या बावीस पोरांच्या हातात होती.

म्हणून असं करा. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा मधेच मासा तडफडावा तसे आचके येताहेत, तर अरेस्टच समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. 'श्वास चालू आहे' म्हणून इथेच सगळे थांबतात. सुरुवातीला हातपाय झटकले जातील, त्याने फसू नका. एकाने १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणं ठेवून छातीच्या मधोमध, हाडावर, एका हातावर दुसरा हात ठेवून कोपर न वाकवता दाबायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, माणूस बदला, पण थांबू नका. पाणी पाजू नका. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. मोडली तर जुळते.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना असाच पडला. सोबत्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, छाती दाबणं सुरू झालं, यंत्राने झटका दिला आणि तो मैदानातून शुद्धीत बाहेर गेला. तिथे यंत्र आणि शिकलेले हात मैदानाशेजारीच होते.

ते झटक्याचं यंत्र आपल्याकडे घेता येईल का?

त्याला एईडी म्हणतात. ते स्वतः लय तपासतं, झटका हवा की नको ते बोलून सांगतं, त्यामुळे डॉक्टर नसला तरी वापरता येतं. यात्रेच्या कुस्त्यांना इनामाची रक्कम लाखांत जाते. त्या मंडळांनी, अकॅडमींनी, नवरात्रात गरबा भरवणाऱ्यांनी वर्गणीतून एक यंत्र घ्यावं असं मी दरवर्षी सांगतो. ते कपाटात कुलूपबंद मात्र नको.

बॉल छातीवर लागूनही असं होतं?

होतं, क्वचित. ठोक्याच्या चक्रातल्या काही मिलिसेकंदांच्या फटीत नेमका आघात बसला तर निरोगी हृदयही थरथरायला लागतं. अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन २ जानेवारी २०२३ ला प्रतिस्पर्ध्याची धडक छातीवर बसून असाच पडला. मैदानावरच छाती दाबून, झटका देऊन त्याला वाचवलं आणि तो पुन्हा खेळला. लहान मुलांची छाती मऊ असते, त्यांना लेदर बॉल देताना जपा.

तपासणीत दोष निघाला तर खेळ कायमचा बंद?

प्रत्येक दोषाचं उत्तर वेगळं. डब्ल्यूपीडब्ल्यूमधली विजेची जादा वाट कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात सरकवलेल्या बारीक नळीने, जाळता येते आणि मुलगा बहुधा पुन्हा मैदानावर येतो. झडप दुरुस्त होते. चुकीच्या जागची धमनी शस्त्रक्रियेने सरळ करता येते. स्नायू जाड असेल तर कितपत जाड, घरात कोण गेलं, लय कशी, हे पाहून डॉक्टर, मुलगा आणि घरचे मिळून ठरवतात. एरिक्सनच्या छातीत छोटं डिफिब्रिलेटर, म्हणजे झटका देणारं यंत्र, बसवलं, इटलीतल्या नियमांमुळे त्याला तिथला क्लब सोडावा लागला, पण २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने डेन्मार्कसाठी गोल केला.

एका मुलात आनुवंशिक दोष सापडला की सख्ख्या भावंडांची आणि आई-वडिलांची तपासणी लगेच करा. लहान बहीण 'तिला काही होत नाही' म्हणून मागे राहते. तिचाही ईसीजी आणि इको त्याच आठवड्यात करून घ्या.

छाती दाबायला शिकायचं कुठे?

तुमच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत विचारा. दहा-वीस पोरं गोळा झाली तर कोणीतरी नक्की शिकवतं. आमच्या ग्राउंडवर आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पळून झाल्यावर घट्ट उशीवर दोन-दोन मिनिटं सराव करतो. मागच्या महिन्यात आठवीतली एक मुलगी सर्वांत जास्त वेळ न थकता दाबत राहिली.